रविवारचं पाणी

वर्कशॉपमध्ये जन्म गेलेल्या माणसाला दोन गोष्टी जमत नाहीत. एक, भोंगा झाल्यावर स्वस्थ बसून राहणं. दुसरी, आपलं मशीन शेजाऱ्याच्या मशीनपेक्षा कमी आहे हे मान्य करणं. मी प्रतापनगरला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होतो आणि निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी या दोन्ही खोडी गेलेल्या नाहीत. बायको म्हणते, त्या आता माझ्याबरोबरच जातील. तिचं म्हणणं सहसा खरं ठरतं, म्हणून मी त्यावर वाद घालत नाही.

आमची सोसायटी वर्कशॉपपासून सायकलने दहा मिनिटांवर. अठरा टेनामेंट आहेत. टेनामेंट म्हणजे बडोद्यात एकाला एक लागून बांधलेली बैठी घरं. पुढे ओटा, मागे धुण्याभांड्यांची चोकडी, आणि दोन चोकड्यांच्या मध्ये छातीइतकी भिंत. जवळजवळ सगळी घरं वर्कशॉपच्याच माणसांची. निम्मे आम्ही मराठी, निम्मे गुजराती, आणि बोलणं असं काही मिसळलेलं की नवीन सून आली की तिला महिनाभर आपण कुठल्या भाषेत लग्न करून आलो तेच कळत नाही. भिंतीपलीकडे माझा दोस्त राहतो. तीस वर्षं आम्ही एकाच बाकावर काम केलं. तो गुजराती, पण मराठी माझ्यापेक्षा जोरात बोलतो, आणि बडोद्याच्या रिवाजाप्रमाणे मला 'भाऊ' म्हणतो. त्यात आदर बिलकूल नाही.

नळाचं पाणी आमच्याकडे प्यायला आणि स्वयंपाकाला पुरतं. बाकी सगळं बोरवर. सुरुवातीला सोसायटीचा एकच बोर होता, कोपऱ्यातल्या कडुलिंबाखाली. त्याचं पाणी सगळ्यांच्या टाक्यांत जायचं आणि भांडणं सगळ्यांच्या ओट्यांवर यायची. मला त्या भांडणांचा कंटाळा आला आणि मी माझ्या चोकडीत स्वतःचा बोर मारून घेतला. सोसायटीतला पहिला. मशीन आलं त्या दिवशी मी छाती काढून फिरत होतो. पुढच्या वर्षी दोस्ताने त्याच्या चोकडीत मारला. मग मागच्या गल्लीत एकाने, मग दुसऱ्याने. बघता बघता सात घरांत सात बोर झाले. पाणी खाली गेलं तसा मी माझा बोर आणखी खोल करून घेतला. त्याचीही मला मोठी फुशारकी. दोस्ताला म्हणायचो, "तुझा बोर म्हणजे पेला आहे. माझा हंडा." तो हसायचा. आज ते आठवलं की कान गरम होतात.

एका उन्हाळ्यात त्याच्या मोटरने हवा ओढायला सुरुवात केली. सकाळी मोटर लावली की पाच मिनिटं पाणी, मग नुसता फुसफुस आवाज. त्याची बायको, आमच्या भाभी, बादल्या घेऊन कडुलिंबाखालच्या बोरवर जायच्या, पण तिथेही तीच गत. त्यांचे गुडघे दुखायचे. मी दोनदा म्हटलं, आमच्याकडून पाइप टाकून घे. पण म्हणायचं ते असं म्हटलं की समोरच्याने घेऊ नये. मोठेपणा मिरवून दिलेलं पाणी कोण घेतो?

मग एका संध्याकाळी ओट्यावर चहा पिता पिता तो सहज म्हणाला, "भाऊ, घर काढून टाकू म्हणतो. सुरतला मुलगा बोलावतो आहे. त्याच्या फ्लॅटमध्ये चोवीस कलाक पाणी. शनिवारी एक जण घर जोवा, बघायला, येणार आहे."

मी बशी खाली ठेवली. मला राग आला, आणि राग कशाचा ते कळायच्या आत मी बोलून गेलो, "जा. जा ना! सुरतला जाऊन बाराव्या मजल्यावर कोणाबरोबर चहा पिणार आहेस?" घरी आलो आणि बायकोवर चिडचिड केली, कारण जवळ तीच होती. त्याच्याशिवाय ती गल्ली मला नको होती, एवढं साधं होतं ते. पण साठी उलटलेल्या पुरुषाला असं साधं बोलता येत नाही.

बायकोने माझी चिडचिड ऐकून घेतली आणि म्हणाली, "त्यांना म्हणावं, रविवारी तेवढी मोटर लावा. रविवारी पाणी येतं की."

"रविवारी काय वेगळं?"

"मला काय माहीत वेगळं. आम्ही सगळ्याजणी चादरी रविवारीच धुतो. त्या दिवशी मोटर हवा घेत नाही."

मी हसलो. पाण्याला काय वार कळतो? मोटर थंड असते, व्होल्टेज चांगलं असतं, असं काहीबाही मी तिला समजावलं. ती म्हणाली, "बरं," आणि भाजी चिरत राहिली. तिचं 'बरं' मला तीस-पस्तीस वर्षं छळत आलं आहे. रात्रभर नाही, पण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते डोक्यात घुमत राहिलं. मग मी माळ्यावरून माझी जुनी पोलादी टेप काढली.

इंजिनाच्या टाकीत डिझेल किती आहे ते बघायला आम्ही पट्टीला खडू चोळायचो. पट्टी आत सोडायची, वर काढायची. खडू जिथपर्यंत भिजला तिथपर्यंत तेल. बोरचं पाणीही तसंच मोजता येईल असं मला वाटलं. टेपच्या टोकाला एक नट बांधला, खालचे काही फूट खडूने पांढरे केले आणि दोस्ताला हाक मारली. तो भिंतीवर कोपर टेकून म्हणाला, "आता बोरचा ताप मोजणार?" पण झाकण त्यानेच उघडलं.

रविवारी सकाळी मोजलं तेव्हा त्याच्या बोरमध्ये पाणी चांगलं वर होतं. त्याने मोटर लावली, टाकी भरली, हवा नाही. सोमवारी पहाटे मोजलं तर जवळपास तेवढंच. म्हणजे रात्रीत पाणी कुठे गेलेलं नव्हतं. मग आम्ही दोघं टेप आत सोडून थांबलो. इतक्यात वर्कशॉपचा भोंगा झाला.

आणि भोंग्यापाठोपाठ, एकापाठोपाठ एक, चारी बाजूंच्या घरांतून मोटरच्या स्टार्टरचे खटके ऐकू आले. खट, खट, खट. माझ्या घरातलाही खटका त्यातच होता; भोंग्याला मोटर लावायची हे बायकोला मीच शिकवलं होतं. सोसायटीतले निम्मे लोक निवृत्त झालेत, पण उठणं, दाढी, चहा, मोटर, सगळं अजून भोंग्यावर. रविवारी भोंगा नसतो. त्या दिवशी कोणी सातला मोटर लावतो, कोणी देवपूजेनंतर, कोणी विसरतोच. बाकीचे सहा दिवस आम्ही सात बोर आणि आठवा कडुलिंबाखालचा, सगळे एका मिनिटाला एकाच पाण्यात तोंड घालत होतो. मग पाणी खाली बसायचं आणि ज्याची मोटर वर त्याला हवा मिळायची. आणि आम्ही काय समजलो? आपला बोर उथळ आहे. मारा आणखी खोल!

दोस्ताने माझ्याकडे बघितलं. "भाऊ, आपण आठ जण एका ताटात जेवायला बसलो होतो. आणि प्रत्येकाला वाटत होतं की ताट वेगळं आहे."

बायकोला हे सांगायला मला दोन दिवस लागले. ती म्हणाली, "बरं."

वर्कशॉपच्या माणसांना एकदा पाळ्या लावायच्या म्हटलं की उत्साह बघावा. त्याच आठवड्यात कागद आला, रेघा आल्या, लाल-निळी पेनं आली. कोणाची मोटर कधी, किती मिनिटं, सगळं ठरलं. महिनाभर पाळ्या नीट चालल्या आणि बहुतेकांची हवा बंद झाली. फक्त माझ्या दोस्ताची नाही. त्याचं पाणी सुधारलं, पण आठवड्यातून दोन-तीनदा मोटर फुसफुसायचीच. घर बघायला आलेला माणूस परत एकदा येऊन गेला. त्याला ओटा आवडला होता.

म्हणून ठरलं, की एक दिवस सगळ्यांनी मोटरी बंद ठेवायच्या, मग एकेक बोर तासभर चालवायचा आणि दर वेळी दोस्ताच्या बोरमधलं पाणी किती उतरतं ते मोजायचं. मधे पाणी परत वर यायला वेळ द्यायचा. या कामाला अख्खा रविवार गेला आणि सोमवारची सकाळही. टेप माझ्या हातात. दोस्त उलट्या बादलीवर बसून खडूने भिंतीवर आकडे लिहीत होता. शेवटचे दोन बोर राहिले होते: मागच्या घरातला आणि माझा. मागच्या घरात एक तरुण मराठी जोडपं राहतं, दोघंही बाजव्याकडच्या कारखान्यांत कामाला. तिची त्या दिवशी दुपारची पाळी होती, म्हणून ती बघायला आली होती. तिच्या बोरने दोस्ताचं पाणी अडीच फूट खाली नेलं. तोवरचा तोच सगळ्यात मोठा आकडा.

मग माझा चालवला. तासाभराने मी टेप वर ओढली आणि ओला खडू बघितला. पाच फूट.

टेप माझ्याच हातात होती. ओली रेघ माझ्याशिवाय कोणाला दिसत नव्हती. माझ्या डोक्यात तेव्हा काय काय आलं ते मला नीट सांगता येणार नाही. माझा हंडा, माझी फुशारकी, भाभींचे गुडघे, ओट्यावरचा तो चहा. मी म्हणालो, "दोन."

दोस्ताने भिंतीवर लिहिलं, दोन.

ती मुलगी लगेच म्हणाली, "काका, मग आमचाच बोर जास्त ओढतो. आम्ही बंद करतो तो. आजच्या आज. आम्ही दोघंच तर आहोत, सोसायटीच्या पाण्यावर भागेल." आणि दोस्ताकडे वळून, "काका, सॉरी हं. आम्हाला खरंच माहीत नव्हतं."

माझ्या मुलीच्या वयाची ती पोर. माझ्या खोटेपणाबद्दल माफी मागत होती, आणि तीही मनापासून. मला जी शरम वाटली ती आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी म्हणालो, "थांब. टेप भिजली होती, परत बघतो." असं म्हणून टेपकडे उगाच बघितल्यासारखं केलं. पण तेवढ्याने काही भागेना. मग म्हणालो, "पाच. आणि मघाशीही पाचच होते. मी खोटं सांगितलं."

दोस्ताने तळहाताने दोन पुसले, पाच लिहिले, आणि म्हणाला, "लखाई गयुं. लिहिलं." बस. त्यानंतर आजपर्यंत त्याने त्या दोनाचा विषय काढलेला नाही. मला शिव्या द्यायला त्याच्याजवळ कधी कारणं कमी पडली नाहीत, पण हे कारण त्याने वापरलं नाही. भिंतीपलीकडून बायकोने चहाला हाक मारली आणि आम्ही तिघं माझ्या ओट्यावर जाऊन बसलो.

पुढच्या रविवारी माझी मोटर मी वर काढली. तिपाई, साखळी, आणि जुन्या बाकावरचे चार म्हातारे. पाइपचं शेवटचं टोक वर आलं तेव्हा ते दोस्ताने धरलं होतं. एवढ्या हौसेने मारलेला बोर रिकामा बघताना मला वाईट वाटलं, ते नाही म्हणत नाही. पण त्याला बेकार नाही बसवला. आमच्या आणि शेजारच्या तीन घरांच्या अगाशीचं, म्हणजे गच्चीचं, पाणी पावसाळ्यात नुसतं गटारात जायचं. ते पाइपने एका खड्ड्यात आणलं, खड्ड्यात खडी, कोळसा, वाळूचे थर घातले, आणि गाळून ते माझ्या बोरमध्ये सोडलं. ज्याने सगळ्यात जास्त ओढलं त्याने आता भरायचं. ही कल्पना त्या मागच्या मुलीची. ती कारखान्यात दिवसभर हेच करते म्हणे, गाळणं आणि मोजणं. मी फक्त पाइप जोडले.

बाकीच्यांना मी काही सांगायला गेलो नाही. पण माझा बोर बंद झालेला बघून आणखी चौघांनी आपले बंद केले. शेवटचा एक महिनाभर रुसून बसला होता. त्याच्याकडे बायकांचं शिष्टमंडळ गेलं आणि तो प्रश्न पंधरा मिनिटांत सुटला. आता आमच्याकडे दोनच बोर चालतात: कडुलिंबाखालचा आणि माझ्या दोस्ताचा, कारण नंतर बाकीच्या बोरांतही मोजल्यावर त्याच्याच बोरमुळे बाकीच्यांना सगळ्यात कमी त्रास होतो असं दिसलं. अठरा घरं, दोन बोर, आणि पाळ्यांचा कागद. दर रविवारी टेप सोडून पाणी मोजायचं आणि आकडा कडुलिंबाखालच्या पाटीवर लिहायचा, म्हणजे जाता-येता सगळ्यांना दिसतो. पाटीवर एक लाल रेघ आहे. पाणी त्या रेघेखाली गेलं की प्रत्येक घराची एक पाळी कमी, कोणाचीही सूट नाही. गाड्या पाइपने धुवायच्या नाहीत. जो नियम मोडेल त्याने पुढचे चार रविवार पहाटे उठून मोजायचं. पहिली नियम मोडणारी निघाली माझी बायको. कुरडयांचे गहू धुताना भलत्याच वेळी मोटर लावली तिने. चार रविवार तिने मोजलं आणि इतकं नेमकं मोजलं की आता ते काम कायमचं तिच्याकडेच आहे. शिक्षा आहे की बढती, यावर आमच्याकडे अजून एकमत नाही.

दोस्ताने मात्र सुरतचं नक्की केलेलं नव्हतं आणि रद्दही केलेलं नव्हतं. घर बघणाऱ्याला त्याने "वैशाख जाऊ द्या" एवढंच सांगितलं होतं. मी विचारलं नाही. विचारायची भीती वाटत होती. पावसाळा गेला, दिवाळी गेली, थंडी गेली. पाटीवरचा आकडा हळूहळू सरकत होता आणि मी रोज कडुलिंबाखालून जाताना मान वळवून तो बघायचो, जसा दवाखान्यातला नातेवाईक खाटेवरचा कागद बघतो. चैत्र संपता संपता पाणी लाल रेघेला टेकलं. सगळ्यांची एक पाळी कापली. कुरकुर झाली, एकाने पाटीच खोटी आहे म्हटलं, त्याला बायकोने टेप हातात देऊन मोजायला लावलं. पाळी कापल्यावर पाणी तिथेच थांबलं. वैशाख संपेपर्यंत त्याच्या मोटरने एकदाही हवा ओढली नाही.

मग एका संध्याकाळी त्याच्या ओट्यावर बसलो होतो. सुरतहून त्याच्या मुलाचा फोन आला. तो दोन्ही भाषा मिसळून बोलत होता, आणि मला ऐकू यावं इतक्या मोठ्याने: "ना ना, मी नाही येत. दिवाळीत तूच ये सगळ्यांना घेऊन. इथे पाणी छे." फोन ठेवून तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुझी कटकट अजून दहा-वीस वर्षं सोसायची, बीजुं शुं, दुसरं काय." मी चहात साखर कमी आहे असं म्हणालो. भाभी आतून म्हणाल्या, साखर बरोबर आहे.

तर आता माझ्या घरात पाणी येतं ते त्याच्या बोरचं. माझी पाळी सकाळी नऊची. तो स्वतः येऊन मोटर लावतो, अर्ध्या तासाने बंद करतो, आणि भिंतीवर कोपर टेकून रोज न चुकता विचारतो, "भाऊ, पाणी पुरलं?"

मी पुरलं म्हणतो. मग तो पेपर वाचायला जातो आणि मी तिथेच थोडा वेळ उभा राहतो. माझा बोर चालू होता ती इतकी वर्षं, छातीएवढ्या त्याच भिंतीशी उभं राहून, मी त्याला हे एकदाही विचारलं नव्हतं.